खोट्या बातमीवर आपला विश्वास का बसतो?



मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका तरुण आईने मला विचारले, "ताई, मोबाइलवर आलेलं खरं की खोटं, हे ओळखायचं कसं?" उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मला माझीच एक जुनी चूक आठवली. ती सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

जून २०१८. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि सुट्टीहून परतलेल्या मुलींनी आमचे वसतिगृह भरले होते. एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलांजवळ थांबतात, एका लहानग्याला उचलतात आणि पसार होतात. खाली लिहिले होते की मुले पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, सावध राहा. पाठवणाऱ्या बाई आमच्या मंडळीतल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचा शब्द मी कधी खोटा ठरलेला पाहिला नव्हता. मी तो व्हिडिओ चार गटांवर टाकला: महिलामंडळ, तरुणसंघ, बचत गट आणि मुलींचे पालक. वर स्वतःची एक ओळही जोडली, "कृपया सर्वांनी काळजी घ्या." सगळे काम एका मिनिटात झाले.

पाच-सहा दिवसांनी आमच्या कामातल्या एका पाड्यावरून फोन आला. डोक्यावर टोपली घेऊन बांगड्या विकणाऱ्या एका बाईला लोकांनी अडवले होते. भाषा वेगळी, गाव सांगता येईना, कारण फिरस्त्या माणसाला गाव एकच नसते. मी पोहोचले तेव्हा ती पोलीस पाटलांच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती आणि अंगणात चाळीसेक माणसे उभी होती. टोपली उलटी झाली होती, बांगड्यांचा चुरा पसरला होता. तिला वाचवले ते पाड्यावरच्या एका म्हातारीने. तिने आपले दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "या बांगड्या हिनेच भरल्यात. दर साली येते ही." तेवढ्यावर जमाव सैल झाला.

मी लोकांना रागावू लागले तेव्हा एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, हे तुम्हीच तर पाठवलं होतं." पडद्यावर माझे नाव होते आणि माझी ती ओळ.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते, सोलापूर जिल्ह्याकडून भिक्षा मागत आलेले. मुले पळवणारे समजून त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारहाण झाली. तिथे त्यांच्या बाजूने हात पुढे करणारी ओळखीची म्हातारी नव्हती.

व्हिडिओत काय होते

नंतर कळले की तो व्हिडिओ आपल्या देशातला नव्हताच. पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनजागृतीसाठी तो तयार केला होता. मूळ चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात. मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो, हे पालकांना सांगण्यासाठी तो फलक होता. कुणीतरी शेवटचा भाग कापला, आणि पालकांना सावध करण्यासाठी केलेली चित्रफीत माणसांच्या जिवावर उठली. त्याच महिन्यांत अशा अफवांनी आसामपासून कर्नाटकापर्यंत अनेक निरपराधांचे जीव घेतले.

मी हा प्रश्न बरीच वर्षे मनात घोळवला आहे. मी शिकलेली, ईशज्ञानाचा डिप्लोमा केलेली, लोकांना समजावून सांगण्याचेच काम करणारी. मग मी का फसले? "आदिवासी अडाणी आहेत म्हणून अफवांना बळी पडतात," असे शहरातले हितचिंतक मला अनेकदा म्हणतात. तो व्हिडिओ पाड्यावर पोहोचला तो पदवीधर शिक्षिका आणि डिप्लोमाधारक कार्यकर्तीच्या हातून, हे मी त्यांना सांगते. कारणे शिक्षणाच्या कमतरतेपेक्षा खोल आहेत.

आपण निरोप तपासत नाही, निरोप्या पाहतो

पहिले कारण विश्वास. रोजच्या जगण्यात प्रत्येक गोष्ट स्वतः तपासणे शक्य नसते. म्हणून आपण माणूस पाहतो. बाई खऱ्या बोलतात, म्हणजे बाईंनी पाठवलेले खरे. पाड्यावरच्या लोकांनी माझ्याबाबत तेच केले. लस द्यायला, दाखले काढायला, मुलींना शाळेत घालायला येणारी ताई खोटे कशाला सांगेल?

यात त्यांची चूक नाही. गोंधळ असा की मोबाइलवरचा निरोप बाईंनी लिहिलेलाच नव्हता. त्यांनी तो फक्त पुढे दिला होता, जसा मी दिला. कुणा अनोळखी माणसाचा निरोप प्रत्येक टप्प्यावर एका भल्या माणसाचा विश्वास अंगाला लावून घेत पुढे सरकतो. शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो तेव्हा तो पूर्ण विश्वासार्ह दिसतो, आणि मुळात कोण बोलले ते कुणालाच ठाऊक नसते.

त्यात व्हिडिओ असला तर आणखी कठीण. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी छापील शब्द परका असतो, पण डोळ्यांनी पाहिलेले आणि आपल्या बोलीत ऐकलेले परके नसते. "मी स्वतः पाहिलं," असे पाड्यावरचा मुलगा शपथेवर सांगत होता. पाहिले होते खरेच, पण कुठले आणि कधीचे, ते पडद्यावर कळत नाही.

भीतीचा हिशोब

दुसरे कारण भीती. तो व्हिडिओ पुढे पाठवताना माझ्या मनात एक हिशोब झाला होता. खरे असेल आणि मी सांगितले नाही, तर एखादे मूल जाईल. खोटे असेल आणि मी सांगितले, तर काय बिघडले? लोक चार दिवस जास्त सावध राहतील, एवढेच.

भली माणसे खोट्या बातम्या पसरवतात त्या बहुतेक याच हिशोबाने. यात चूक एकच आहे. खोट्या निरोपाची किंमत शून्य नसते. ती आपण भरत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. ती बांगडीवाली भरते, डवरी गोसावी भरतात, वाट चुकलेला वाटसरू भरतो. ज्याला त्या गावात ओळख नाही, त्याच्या नावावर तो खर्च पडतो.

खोट्याला खऱ्याचा आधार

तिसरे कारण आपल्या जुन्या जखमा. निराधार गोष्टीवर सहसा कुणी विश्वास ठेवत नाही. पाड्यांना बाहेरच्या माणसाची धास्ती उगाच वाटत नाही. जमिनी बाहेरच्यांनी लिहून घेतल्या, उचल देऊन ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर नेले, मजुरी बुडवली. कामाच्या आमिषाने नेलेल्या मुली परत न आल्याचे दुःख काही घरांत आजही आहे. अशा मनाला "बाहेरून टोळी आली आहे" ही बातमी नवी वाटत नाही, ती ओळखीची वाटते.

आपल्या मंडळ्यांचेही असेच आहे. २०१० च्या सुमारास जगभरच्या ख्रिस्ती लोकांत एक प्रार्थना-विनंती फिरली. भारतात बौद्ध अतिरेक्यांनी एका रात्रीत वीस चर्च जाळली, आज रात्री 'ओलिसाबांग' प्रांतातली दोनशेहून अधिक चर्च नष्ट करणार आहेत, दोनशे मिशनऱ्यांना चोवीस तासांत मारणार आहेत, तेव्हा प्रार्थना करा आणि पुढे पाठवा, असा तिचा आशय होता. भारतात ओलिसाबांग नावाचा प्रांत नाही, जिल्हाही नाही. तरी ती विनंती देशोदेशी गेली आणि पुढे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उगवत राहिली. का? कारण २००८ मध्ये ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्यांवर खरोखरच हल्ले झाले होते. खरी जखम ताजी होती, म्हणून खोटी बातमी चटकन चिकटली. त्यात बौद्ध बांधवांवर विनाकारण आळ आला, याची खंत किती जणांना वाटली असेल?

प्रार्थनेची विनंती आपण तपासत नाही. ते अश्रद्धेचे वाटते. पण प्रार्थना करण्यासाठी बातमी पुढे पाठवण्याची गरज नसते. गुडघे टेकायला नेटवर्क लागत नाही. बातमी मात्र पाठवायची तर ती साक्ष होते, आणि खोटी अफवा पसरवू नये ही आज्ञा निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायाच्या आरंभीच आहे.

एकच साक्षीदार, दहा वेळा

चौथे कारण पुनरावृत्ती. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टाइन आणि टोपिनो या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना काही विधाने दाखवली, काही खरी, काही खोटी. काही आठवड्यांच्या अंतराने हे तीनदा केले आणि त्यात थोडी विधाने पुन्हा पुन्हा मिसळली. जी विधाने पुन्हा दिसली ती विद्यार्थ्यांना अधिकाधिक खरी वाटू लागली, मग ती मुळात खोटी का असेनात. ओळखीच्या गोष्टीला मन खरी समजते, असा त्याचा अर्थ.

आता मोबाइल पाहा. सकाळी नातेवाइकांच्या गटावर एक निरोप येतो, दुपारी मंडळीच्या गटावर, रात्री शेजाऱ्याकडून. आपल्याला वाटते, तीन ठिकाणांहून आले म्हणजे खरेच असणार. अनुवादाच्या पुस्तकात दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी असा नियम आहे, पण ते साक्षीदार वेगवेगळे असायला हवेत. एकाच अनोळखी माणसाचा निरोप दहा जणांनी पुढे दिला तर दहा साक्षीदार होत नाहीत. साक्षीदार एकच राहतो, आणि तोही समोर नसतो.

नवल आणि घाई

पाचवे कारण असे की खोटी गोष्ट बहुधा अधिक नवलाची असते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास करून तो २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागत होता. आणि हे यंत्रांमुळे नव्हे, तर मुख्यतः माणसांमुळे घडत होते.

पण यातच थोडी आशाही आहे. पेनिकुक आणि रँड या संशोधकांनी दाखवले की बहुतेक लोकांना खोटे पसरवायचे नसते आणि विचारले तर ते खरे-खोटे बऱ्यापैकी ओळखतातही. पाठवण्याच्या क्षणी तो प्रश्नच त्यांच्या मनात नसतो. एखाद्या बातमीबद्दल "ही कितपत खरी वाटते?" एवढे आधी विचारले, तरी नंतर ते पुढे पाठवतात त्या बातम्यांचा दर्जा सुधारतो. त्या संध्याकाळी मला कुणी हा प्रश्न विचारला असता, तर मी नक्की थांबले असते. गल्लीतली घरे आपल्या खानदेशातली नव्हती, हे पुन्हा पाहताना मला सहज दिसले.

दुसऱ्यांविषयी वाईट ऐकायची तयारी

शेवटचे कारण लिहायला अवघड आहे. ज्यांच्याविषयी मनात आधीच किंतु असतो, त्यांच्याविषयीचे वाईट आपण चटकन मानतो. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हातून मारले गेले. तिथेही चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची अफवा आधी पसरली होती. त्यानंतर दुसरी लाट आली. हे काम अमुक धर्माच्या लोकांचे, असे निरोप देशभर फिरले. अटक झालेल्या १०१ जणांची यादी राज्याच्या गृहमंत्र्यांनी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असे सांगावे लागले. काहींनी मिशनऱ्यांकडेही बोट दाखवले. तेव्हा आपल्याला ते फार लागले. पण इतर समाजांविषयी तसेच निरोप आपल्या गटांवर येतात, तेव्हा आपल्यापैकी किती जण "हे कशावरून?" असे विचारतात? मी स्वतः नेहमी विचारले आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

मग करायचे काय?

बांगडीवालीच्या प्रसंगानंतर मी त्याच चार गटांवर दुरुस्ती पाठवली. ती कुणी पुढे पाठवली नाही. त्यात नवल नव्हते, भीती नव्हती. शेवटी मी पाड्यापाड्यांवर फिरले आणि "चूक माझी होती," असे तोंडाने सांगितले. माझी पत थोडी कमी होईल असे मला वाटले होते. उलट त्यानंतर लोक मला निरोप दाखवून विचारू लागले.

२०२१ मध्ये कोविडच्या लसीच्या वेळी याचा उपयोग झाला. लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार, असे ल्यूक माँटॅनियर या नोबेल मिळवलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर फिरत होते. पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, ते खोटे असल्याचे त्या मे महिन्यातच जाहीर केले. पण पाड्यावर पीआयबी कुणाला ठाऊक? आम्ही वाद घातला नाही, हसलो नाही. आशाताईंनी आणि मी आधी लस घेतली, दुसऱ्या दिवशी अंगात ताप असतानाच लोकांना भेटलो, आणि ताप का येतो ते सांगितले. चार-पाच घरे तयार झाली, मग आणखी. सगळी झाली नाहीत. पण ज्यांच्या भीतीला आम्ही नावे ठेवली नाहीत, त्यांनी दारे बंद केली नाहीत.

आता आमच्या बचत गटांनी आणि तरुणसंघाने एक साधी रीत ठरवली आहे. कोणताही घाबरवणारा किंवा संताप आणणारा निरोप आला की पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे: कुठे घडले, कधी घडले, तुम्ही स्वतः पाहिले का? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर निरोप तिथेच थांबवायचा. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ नंतर पुढे पाठवलेल्या निरोपावर बाणाची खूण आणि किती ठिकाणी पाठवता येईल यावर मर्यादा घातली आहे. दुहेरी बाण दिसला तर समजायचे की हा अनेक हातांतून फिरून आला आहे आणि पाठवणारा त्याचा साक्षीदार नाही. मुलाविषयी खरोखर काळजी वाटली तर पोलीस पाटील, बालकांसाठीचा १०९८ किंवा ११२ हा क्रमांक. अनोळखी माणूस दिसला तर आधी पाणी, मग विचारपूस. आणि चूक झाली तर ज्या गटावर चूक केली त्याच गटावर दुरुस्ती.

या रीतीला शास्त्रातही एक सुंदर आधार आहे. यहोशवाच्या बाविसाव्या अध्यायात यार्देनेपलीकडच्या भावांनी मोठी वेदी बांधल्याची बातमी इस्राएल लोकांच्या कानी येते. हे देवाविरुद्ध बंड आहे असे समजून सगळे शिलो येथे लढाईसाठी जमतात. बातमी खोटी नव्हती, वेदी खरीच होती. तिचा लावलेला अर्थ खोटा होता. पण लढाईआधी ते फिनहास याजकाला आणि दहा सरदारांना विचारायला पाठवतात. पलीकडचे सांगतात की ही होमार्पणासाठी नाही, आपण एकच लोक आहोत याची ती खूण आहे. फिनहास ऐकून घेतो, परत येऊन सांगतो, आणि लढाई टळते. तलवारी बाहेर निघालेल्या असताना कुणीतरी नदी ओलांडून विचारले, म्हणून शेकडो घरे वाचली.

प्रियजनहो, हा अंक हाती आल्यावर एक काम करा. आपल्या मोबाइलमधले आपणच पुढे पाठवलेले मागचे काही निरोप उघडून पाहा. एखादा खोटा निघाला, तर तो कितीही जुना असो, त्याच गटावर तसे कळवा. थोडी लाज वाटेल. मला वाटली होती.

ती बांगडीवाली पुढच्या वर्षी त्या पाड्यावर आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. म्हातारी अजून विचारते, "ताई, ती बाई कुठे दिसली का?" मी बाजारात टोपल्या दिसल्या की चेहरे पाहते. आपल्या प्रार्थनेत तिची आठवण ठेवा.